व्यायामशाळेतील साधनांवरचे जंतू: जळगावातील एका तपासणीचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि सकाळी महिलांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत एका व्यायामशाळेत जाते. गेल्या उन्हाळ्यात तेथील एका प्रशिक्षकाच्या मांडीवर मोठे गळू आले आणि त्यानंतर संध्याकाळी येणाऱ्या दोघातिघांना काखेत आणि पाठीवर केसतोड झाल्याचे समजले. व्यायामशाळेचे चालक काळजीत पडले होते. ‘‘मॅडम, तुमच्या कॉलेजात लॅब आहे, तर एकदा आमच्या मशिनी तपासून द्या. काय निघेल ते निघू द्या,’’ असे ते म्हणाले. त्यांच्या या शेवटच्या वाक्यामुळेच मी होकार दिला, कारण निकाल आपल्याला हवा तसाच यावा असा आग्रह जेथे असतो तेथे नमुने घेण्यात काही अर्थ नसतो. महाविद्यालयाची रीतसर परवानगी घेऊन आणि पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आम्ही हे काम सुरू केले. त्यातून जे कळले ते आपल्या भागातील व्यायामशाळा आणि तालमी चालवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आधी आपल्या हवामानाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि व्यायामशाळांमध्ये पाण्याचे मोठे कूलर दिवसभर चालू असतात. कूलरमुळे हवा गार होते, तशीच ती दमटही होते. अंगावरचा घाम लवकर वाळत नाही, बेंचच्या रेक्झिनवर त्याचा ओला ठसा राहतो आणि तो वाळण्याआधीच पुढचा माणूस त्यावर पाठ टेकतो. त्वचा बराच वेळ ओली राहिली की तिचा वरचा थर मऊ पडतो, आणि मग कपड्याच्या किंवा पट्ट्याच्या साध्या घासण्यानेही केसांच्या मुळाशी बारीक इजा होते. घामोळे खाजवून फुटलेले असले तर जंतूंना आत शिरायला आयतीच वाट मिळते. धडधाकट, अखंड त्वचा हे शरीराचे फार भक्कम संरक्षण आहे, आणि या सगळ्या प्रकरणात साधनांइतकेच लक्ष त्वचेकडे द्यावे लागते.

प्रशिक्षकाचे दुखणे ज्या क्रमाने वाढले तो क्रम आपल्याकडे नेहमीचा आहे. आधी मांडीवर एक लालसर पुळी आली. ती खाजते म्हणून त्याने मेडिकलमधून मलमाची नळी आणली आणि डॉक्टरांना न विचारता लावली. अशा अनेक मलमांत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन-तीन दिवस कमी होते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही कमी होते आणि संसर्ग आतल्या आत पसरतो. (नायट्याच्या बाबतीत याच मिश्रणांनी देशभर किती घोळ घातला आहे, हे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आहेत.) पुळीचे गळू झाले, आजूबाजूची कातडी गरम आणि टणक झाली, ताप आला, तेव्हा तो त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी गळवाला छेद देऊन पू काढला आणि त्याचा नमुना तपासणीला पाठवला. गळवाच्या उपचारात पू बाहेर काढणे हाच मुख्य भाग असतो. पू तसाच आत ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्या तर औषध त्या पोकळीत पुरेसे पोहोचत नाही. घरी पिळून काढणे मात्र धोक्याचे, कारण दाबाने तोच संसर्ग खोल जातो. तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. सुदैवाने तो नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देणारा होता आणि प्रशिक्षक बरा झाला.

हा जंतू नवा नाही. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांच्या पुवात त्याला ओळखले, आणि १८८४ मध्ये जर्मनीचे रोझेनबाख यांनी सोनेरी वसाहतींवरून (वसाहत म्हणजे एका जागी वाढलेल्या जंतूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) त्याची वेगळी जात नोंदवली. निरोगी माणसांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांच्या नाकात तो कसलाही त्रास न देता राहतो. नाकातून बोटांवर, बोटांवरून त्वचेवर आणि त्वचेवरून वस्तूंवर असा त्याचा प्रवास होतो. कोरड्या पृष्ठभागावर तो काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत तग धरू शकतो. मिठाचे प्रमाण जास्त असले तरी तो वाढतो, त्यामुळे खारट घामाचा त्याला अडथळा होत नाही. हाच गुण प्रयोगशाळेत त्याला शोधण्यासाठी वापरतात.

काम सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. कोणत्याही व्यायामशाळेतल्या कोणत्याही हँडलवरून स्वॅब, म्हणजे नमुना घेण्याची कापूस गुंडाळलेली काडी, फिरवला तर जंतू सापडणारच. माणसाच्या त्वचेवर जंतूंची मोठी वस्ती असते आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी, किंबहुना उपकारक असतात. तेव्हा ‘इतके लाख जंतू सापडले’ अशा आकड्यांनी लोकांना घाबरवता येते, पण त्यातून धोका किती हे कळत नाही. आम्हाला शोधायचे होते ते नेमके एका जंतूला, आणि तो कोणत्या जागी टिकून राहतो हे पाहायचे होते.

नमुने घेण्यासाठी आम्ही संध्याकाळची गर्दी ओसरण्याची वेळ निवडली, म्हणजे झाडलोट होण्याच्या आधीची. बेंचच्या रेक्झिनवर निर्जंतुक केलेली, आत १० बाय १० सेंटिमीटरची चौकट कापलेली पट्टी ठेवायची, कापसाचा निर्जंतुक स्वॅब क्षारद्रावणात बुडवून नळीच्या कडेला दाबून जादा पाणी काढायचे, आणि मग तो चौकटीच्या आत आधी आडवा, नंतर उभा, नंतर तिरपा असा बोटांत गोल फिरवत घासायचा. कोरडा स्वॅब जंतू नीट उचलत नाही आणि फार ओला स्वॅब त्यांना पसरवून ठेवतो. गोल पृष्ठभागावर, म्हणजे रॉडवर किंवा डंबेलच्या मुठीवर, चौकट बसत नाही. तेथे जेवढा भाग हाताखाली येतो तेवढाच मोजून घेतला. स्वॅब लगेच नळीत घालून वर जागा आणि वेळ लिहायची आणि बर्फाच्या डब्यात ठेवायचे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर पडलेला नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत वेगळाच होऊन बसतो, म्हणून बर्फाबाबत मी कोणतीही सवलत दिली नाही.

पाठ टेकायचे बेंच, त्यांतले रेक्झिन फाटलेले बेंच, बारबेलचे खडबडीत रॉड, डंबेल, ट्रेडमिलची पकड, पोटाच्या व्यायामाच्या मॅट, कमरेचे चामडी पट्टे, सर्वांनी मिळून वापरायचे बॉक्सिंगचे हातमोजे, पाण्याच्या कूलरचा नळ आणि दाराची मूठ अशा जागा आम्ही ठरवल्या होत्या. जाता जाता एका विद्यार्थिनीचे लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे गेले. तिच्या काठावर साधने पुसण्याचे फडके वाळत घातले होते, पण ते वाळलेले नव्हते. तिने विचारले, ‘‘मॅडम, याचाही घेऊ का?’’ मी घ्यायला सांगितले.

प्रयोगशाळेत मॅनिटॉल सॉल्ट अगार हे माध्यम, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी प्लेटमध्ये ओतलेले पोषक खाद्य, आम्ही वापरले. त्यात साडेसात टक्के मीठ असते, त्यामुळे बाकीचे बरेच जंतू वाढत नाहीत. माध्यम मुळात गुलाबीसर लाल असते. जो जंतू त्यातली मॅनिटॉल ही साखर आंबवतो त्याच्या वसाहतीभोवती आम्ल तयार होऊन माध्यम पिवळे होते. येथे आपल्या उन्हाळ्याची एक अडचण येते, जी थंड प्रदेशात लिहिलेल्या प्रयोगपुस्तिकांत सापडत नाही. साधे इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढण्यासाठी ठरावीक तापमान राखणारे कपाट, फक्त उष्णता देते, थंड करत नाही. प्रयोगशाळेतलेच तापमान ४० च्या वर गेले तर ते यंत्र ३७ अंश कसे राखणार? त्यामुळे सगळ्या पेट्री प्लेट आम्ही गार करण्याची सोय असलेल्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि वीज गेली तर जनित्र सुरू होते की नाही याची आधी खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी प्लेट काढल्या तेव्हा ट्रेडमिलच्या पकडीच्या आणि दाराच्या मुठीच्या प्लेटवर लहान, गुलाबी वसाहती विखुरलेल्या होत्या. त्या त्वचेवरच्या नेहमीच्या रहिवाशांच्या. धड रेक्झिनच्या बेंचवरही बहुतेक तसेच दिसत होते. फाटलेल्या बेंचच्या प्लेटवर मात्र गुलाबी वसाहतींमध्ये ठसठशीत, पिवळ्या कडेच्या वसाहती उठून दिसत होत्या, आणि बादलीवरच्या फडक्याच्या प्लेटवर तर मोजायला जागाच उरली नव्हती. माध्यमाचा लाल रंग जवळजवळ सगळा जाऊन प्लेट काठापासून काठापर्यंत पिवळी पडली होती. पारोळ्याकडचा एक विद्यार्थी ती प्लेट उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, हाई इतलं सगळं त्या एक फडकामा व्हतं?’’

पिवळा रंग म्हणजे पुरावा मात्र नव्हे. मॅनिटॉल आंबवणारे दुसरेही स्टॅफिलोकोकस आहेत. म्हणून प्रत्येक संशयित वसाहत वेगळी वाढवून पुढच्या चाचण्या केल्या. ग्रॅमच्या रंजनात, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत, जांभळे, गोल, द्राक्षांच्या घडासारखे एकत्र आलेले जंतू दिसले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात ते कालवल्यावर फसफसून बुडबुडे आले, म्हणजे ते स्ट्रेप्टोकोकस हे दुसरे गोल जंतू नव्हते. निर्णायक चाचणी कोॲग्युलेजची. सशाच्या रक्तद्रवात जंतू मिसळून नळी ३७ अंशांवर ठेवायची. स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल तर तो द्रव गोठतो. ही नळी ४ तासांनी बघायलाच हवी, कारण काही वाण स्वतःच तयार केलेली गुठळी नंतर विरघळवतात, आणि केवळ दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला ती चाचणी नकारार्थी वाटू शकते. नळी हळूच तिरपी केली की द्रव वाहत नाही, सबंध गुठळी एकत्र सरकते. विद्यार्थ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातली व्याख्या पाठ करावी लागत नाही. फाटक्या बेंचवरच्या, चामडी पट्ट्यावरच्या, एका हातमोजाच्या आतल्या आणि फडक्यावरच्या काही वसाहतींनी अशी गुठळी दाखवली.

यानंतर मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा प्रकार, म्हणजे ज्याला डॉक्टर एमआरएसए म्हणतात, तो तर नाही ना हे पाहणे भाग होते. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसची नोंद झाली. सुरुवातीला रुग्णालयापुरता असलेला हा त्रास पुढे रुग्णालयात कधीच न गेलेल्या धडधाकट तरुणांतही, विशेषतः खेळाडूंमध्ये, दिसू लागला. चाचणीसाठी जंतू पसरलेल्या प्लेटवर ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची चकती ठेवतात. तिच्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ २२ मिलिमीटर किंवा अधिक व्यासाचे आले तर जंतू औषधाला दाद देतो, २१ किंवा कमी आले तर तो प्रतिरोधक धरायचा. या चाचणीसाठी प्लेट ३३ ते ३५ अंशांवरच ठेवावी लागते; त्याहून जास्त तापमानात प्रतिरोध झाकला जाऊन एमआरएसए निसटू शकतो. खानदेशच्या उन्हाळ्यात, गार न करणाऱ्या इन्क्युबेटरवर ही चाचणी करून ‘एमआरएसए नाही’ असा निर्वाळा देणे म्हणूनच योग्य नाही. आमच्या नमुन्यांतील वर्तुळे स्पष्ट आणि मोठी आली. चालकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण आजच्या नमुन्यात तो नाही याचा अर्थ उद्या येणार नाही असा होत नाही, हेही मी लगेच सांगितले.

आता यातून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे नीट वेगळे ठेवले पाहिजे. प्रशिक्षकाच्या गळवातला जंतू आणि फडक्यावरचा जंतू एकाच जातीचे निघाले, म्हणून त्याला फडक्यावरूनच संसर्ग झाला असे सिद्ध होत नाही. एका जातीत असंख्य वाण असतात आणि ते तेच आहेत की नाही हे जनुकीय तपासणीशिवाय ठरत नाही; ती सोय आमच्याकडे नव्हती. शिवाय दिशा उलटीही असू शकते, म्हणजे त्याच्याच गळवातून जंतू बेंचवर आणि तेथून फडक्यावर गेलेला असू शकतो. अमेरिकेत काही व्यायामशाळांच्या साधनांवर शोध घेऊनही हा जंतू सापडलेला नाही, आणि जाणकारांचे मत असे आहे की त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क हाच पसरण्याचा मुख्य मार्ग आहे. वस्तूंचा वाटा दुय्यम आहे, पण तो नाकारता येत नाही. २००३ च्या हंगामात सेंट लुईस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघातील ५८ पैकी ५ खेळाडूंना एमआरएसएचा संसर्ग झाला, तेव्हा प्रत्येक गळू कृत्रिम हिरवळीवर घासून खरचटलेल्या जागीच आले होते, आणि खेळाडू एकमेकांचे टॉवेल वापरतात हेही तपासात आढळले. त्याच सुमारास कनेक्टिकटमधील एका महाविद्यालयीन संघात अंगावरचे केस वस्तऱ्याने काढण्याचा आणि संसर्गाचा संबंध आढळला. गर्दी, त्वचेचा संपर्क, इजा झालेली त्वचा, दूषित वस्तू आणि अस्वच्छता या पाच गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, असे तेथील रोगनियंत्रण केंद्र सांगते. आमच्या व्यायामशाळेत संध्याकाळच्या वेळी या पाचही गोष्टी हजर होत्या. शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी करणारी मुले छाती आणि पाय वस्तऱ्याने साफ करून त्याच दिवशी व्यायामाला येत होती, हे मला चौकशीत कळले.

काही सभासदांनी आपण होऊन नाकाचा स्वॅबही दिला. ज्यांचा निकाल सकारात्मक आला त्यांना मी स्वतंत्रपणे, खासगीत सांगितले आणि हेही सांगितले की निरोगी माणसाला यासाठी औषधाची गरज नसते. नाकात लावायचे म्युपिरोसिनचे मलम वारंवार गळवे होणाऱ्यांना डॉक्टर देतात. सगळेच ते सरसकट लावत सुटले तर त्यालाही जंतू जुमानणार नाहीत. एका तरुणाला वाटले की आता त्याला व्यायामशाळेत येऊ देणार नाहीत. तसे करायचे म्हटले तर जवळपास प्रत्येक तिसऱ्या माणसाला घरी बसवावे लागेल, हे समजावल्यावर त्याचा चेहरा खुलला.

मुख्य काम होते ते सफाईची पद्धत बदलण्याचे, आणि त्यात सर्वांत आधी बदलायचे होते ते फडके. दिवसभर एकच ओले फडके सगळ्या बेंचवर फिरत होते. बादलीतले पाणी सकाळी भरलेले, त्यात फिनेलचे चार थेंब. एका बेंचवरचा घाम आणि जंतू दुसऱ्या बेंचवर नेण्याचे काम ते फडके करत होते आणि पुसणाऱ्या मुलाला मात्र आपण स्वच्छता करतो आहोत असे मनापासून वाटत होते. त्याचा यात दोष नव्हता. त्याला तसेच शिकवले होते. जुन्या सुती चादरी फाडून लहान फडकी केली, स्वच्छ फडक्यांची एक टोपली आणि वापरलेल्यांची दुसरी टोपली ठेवली, आणि वापरलेली फडकी रोज गरम पाण्यात साबणाची पावडर घालून धुऊन गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवायची असे ठरले. उन्हाची आपल्याकडे काही कमतरता नाही, आणि पूर्ण कोरडे होणे हाच फडक्याच्या बाबतीत अर्धा उपाय आहे.

पुसण्यासाठी काय वापरायचे यावर चालकांशी बरीच चर्चा झाली. त्यांच्या मनात ब्लिचिंगचे द्रावण होते. सोडियम हायपोक्लोराइट जंतूंवर उत्तम काम करते. बाजारातले द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर मिसळल्यावर ०.१ टक्का तीव्रता मिळते आणि फरशी, न्हाणीघर यांच्यासाठी ते योग्य आहे. पण लोखंडी रॉड त्याने गंजतात, रेक्झिन कडक होऊन तडकते, आणि उष्णतेत व उजेडात ते इतक्या लवकर कमजोर होते की आपल्या उन्हाळ्यात रोज ताजे करण्याला पर्याय नाही. ते संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. रॉड आणि डंबेलसाठी ७० टक्के अल्कोहोल चांगले. येथे अनेकांना वाटते की ९९ टक्के अधिक प्रभावी असेल, परंतु जंतूंची प्रथिने गोठवण्यासाठी थोडे पाणी लागते आणि शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधी उडून जाते. आपल्या गरम हवेत ७० टक्केही लवकर उडते, म्हणून भरपूर ओले करावे लागते, आणि विजेच्या साधनांजवळ किंवा पेटत्या वस्तूजवळ ते फवारायचे नाही. बेंच आणि मॅटसाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले द्रावण निवडले. त्याची एक अडचण अशी की कठीण पाण्यात त्याची ताकद घटते, आणि आपल्या बोअरवेलचे पाणी कसे असते ते नळाच्या तोट्यांवरच्या पांढऱ्या थरावरून दिसतेच. त्यामुळे द्रावण फिल्टरच्या पाण्यात करायचे ठरले.

द्रावणाइतकाच महत्त्वाचा आहे तो वेळ. घाम, तेल आणि मळाचा थर असेल तर जंतुनाशक त्याच्यातच खर्च होते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने पुसायचे. मग जंतुनाशक लावून डब्यावर लिहिलेला वेळ, काही द्रावणांच्या बाबतीत १० मिनिटांपर्यंत, पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. फवारले आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसले, ही सर्वत्र दिसणारी पद्धत बहुतांश वाया जाते. दोन सभासदांच्या मधल्या वेळेत १० मिनिटे कोणी थांबणार नाही, हेही खरेच. म्हणून तेव्हा प्रत्येकाने आपला टॉवेल अंथरायचा आणि उठताना घाम पुसायचा. पूर्ण सफाई सकाळ आणि संध्याकाळच्या मधल्या मोकळ्या वेळेत आणि रात्री करायची.

बदलानंतर पुन्हा नमुने घेतले तेव्हा एक खबरदारी आवश्यक होती. जंतुनाशक लावलेल्या पृष्ठभागावरून स्वॅब घेतला की त्याच्यासोबत जंतुनाशकही उचलले जाते आणि ते प्लेटवर जाऊन तेथे जंतूंना वाढू देत नाही. त्यामुळे बेंच आहे त्याहून स्वच्छ दिसतो. म्हणून स्वॅब ज्या द्रवात भिजवायचा त्यात लेसिथिन आणि ट्वीन ८० घातले, जे या प्रकारच्या जंतुनाशकाला निष्प्रभ करतात. एवढे करूनही बेंचच्या प्लेट पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळ्या आल्या आणि ताज्या फडक्यांवर पिवळी वसाहत दिसली नाही. फाटलेले बेंच मात्र पुसूनही सुधारले नाहीत, कारण आतला फोम घाम शोषतो आणि तेथे कोणतेही द्रावण पोहोचत नाही. चालकांनी त्या बेंचचे रेक्झिन सीट-कव्हरवाल्याकडून नव्याने चढवून घेतले. हातमोज्यांच्या आत पोहोचणारा चांगला उपाय मला सापडलेला नाही. उन्हात ठेवले तर बाहेरून वाळतात, आत ओल राहते. सामायिक हातमोजे बंद करून ज्याने त्याने आपले आणावेत, असेच मी सुचवले. सगळ्या प्लेट शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर निर्जंतुक करून मगच टाकल्या. वाढवलेला जंतू बेंचवरच्या जंतूपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक असतो, आणि कुतूहलापोटी घरी असे प्रयोग कोणीही करू नयेत.

या कामाची बातमी एका तालमीपर्यंत गेली आणि तेथल्या वस्तादांनी बोलावले. आमच्या बोलण्यात मी त्यांना आबा म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. त्यांच्याकडे एका बाजूला तांबड्या मातीचा आखाडा आणि दुसऱ्या बाजूला नवीन मॅट आहे. हळद, ताक, तेल, कडुलिंबाचा पाला घालून माती मळण्याची जुनी रीत ते आजही पाळतात. मातीची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी मत देत नाही. मॅटबद्दल मात्र स्पष्ट सांगितले की ती सरावाच्या आधी आणि नंतर रोज पुसली पाहिजे, चपलांनी तिच्यावर कोणी येता कामा नये, आणि सांध्यांजवळ चिरलेल्या जागा टेपने बंद केल्या पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुस्तीत त्वचा त्वचेवर घासते, त्यामुळे येथे मॅटपेक्षा मल्लाची कातडी आधी पाहायला हवी.

‘‘ताई, पोरं सांगत नाहीत हो. जत्रेची कुस्ती तोंडावर आली की फोड लपवून उतरतात,’’ असे आबा म्हणाले. ही अडचण जगभर आहे आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये वजनाच्या वेळी डॉक्टर मल्लाची त्वचा तपासतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीचा नियम असा आहे की जंतुसंसर्ग झालेल्या मल्लाला किमान ७२ तास प्रतिजैविक घेऊन झालेले असावे, गेल्या ४८ तासांत नवीन फोड आलेला नसावा आणि कोणताही फोड ओला किंवा वाहता नसावा. वाहत्या फोडावर पट्टी बांधून उतरणे चालत नाही. हा नियम मी आबांना मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला. आता ते जोड लावण्याआधी पोरांना उघड्या अंगाने बाहेरच्या उजेडात उभे करतात आणि पाठ, मान, काखा, मांड्या पाहतात. ज्याला पुळी दिसेल त्याने डॉक्टरांकडे जायचे, आणि ती सुकेपर्यंत अंगावर पूर्ण कपडे घालून, स्वतःची चटई वेगळी ठेवून डंड-बैठका काढायच्या. सराव संपला की घरी जाण्याची वाट न पाहता तालमीतच साबणाने अंघोळ करायची. त्यासाठी तालमीच्या मागे आणखी दोन नळ हवे आहेत आणि त्यांच्या खर्चासाठी गावात वर्गणी सुरू आहे.